राणा निर्दोष सुटला होता, मग तो भारताकडे कसा आला?

प्रश्न असा आहे: शिकागोच्या ज्युरीने २०११ मध्ये तहव्वूर राणाला मुंबई हल्ल्याच्या आरोपातून निर्दोष सोडलं होतं. तरीही अमेरिकेच्या न्यायालयांनी त्याच हल्ल्यासाठी त्याला भारताच्या स्वाधीन होऊ दिलं. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा पिंजऱ्यात उभं करता येत नाही, हे तत्त्व तिथे नाही का? त्याच कटातला डेव्हिड हेडली मात्र अमेरिकेतच कसा राहिला? आणि शेवटी राणाला दिलं कोणी, कोर्टाने की ट्रम्प यांनी?

मी बावीस वर्षं फौजदारी वकिली करते. सुरुवात मुंबईच्या सत्र न्यायालयात झाली, पुढची बरीच वर्षं प्रत्यार्पणाच्या कागदपत्रांत गेली. राणाच्या प्रकरणातले अमेरिकी निकाल मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण आमच्या कामाबद्दल इतकं शिकवणारं दुसरं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. सगळं भांडण एका शब्दावर झालं. भारत आणि अमेरिकेच्या करारात ‘ऑफेन्स’, म्हणजे ‘गुन्हा’ असं लिहिलं आहे, ‘कृत्य’ असं नाही. राणा दिल्लीच्या विमानतळावर उतरला तो या शब्दामुळे.

आधी घटनाक्रम नीट लावून घेऊ, कारण बातम्यांमध्ये त्याची सरमिसळ झाली आहे.

राणा मूळचा पाकिस्तानी, तिथल्या लष्करात डॉक्टर होता. पुढे कॅनडाचा नागरिक झाला आणि शिकागोत त्याने इमिग्रेशनची कामं करून देणारी फर्म चालवली. डेव्हिड हेडली, जन्मनाव दाऊद गिलानी, हा त्याचा हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजातला सोबती. याच फर्मची मुंबई शाखा म्हणून हेडलीने ताडदेवला ऑफिस थाटलं आणि त्याच्या आडून ताजसह हल्ल्याच्या जागांची टेहळणी केली. २६ नोव्हेंबर २००८ ला जे झालं त्यात १६६ माणसं मारली गेली, त्यात सहा अमेरिकी नागरिक होते. ऑक्टोबर २००९ मध्ये हेडली आणि राणा दोघेही अमेरिकेत पकडले गेले.

राणावर शिकागोच्या संघीय न्यायालयात तीन मुख्य आरोप होते. मुंबई हल्ल्यासाठी साहाय्य पुरवण्याचा कट, डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ला करण्यासाठी साहाय्य पुरवण्याचा कट, आणि लष्कर-ए-तैयबाला साहाय्य. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार स्वतः हेडली. ९ जून २०११ ला ज्युरीने पहिल्या आरोपातून राणाला निर्दोष सोडलं आणि उरलेल्या दोन आरोपांत दोषी धरलं. जानेवारी २०१३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे तुमच्या प्रश्नातलं वाक्य बरोबर आहे, पण त्यातला एक शब्द जपून वाचायला हवा. ज्युरीने त्याला ‘मुंबई हल्ल्यातून’ सोडलं नाही. ‘मुंबई हल्ल्यासाठी साहाय्य पुरवण्याचा कट’ या अमेरिकी कायद्यातल्या एका विशिष्ट गुन्ह्यातून सोडलं. सामान्य माणसाला हा वकिली कीस वाटेल, पण न्यायालयात तोच निर्णायक ठरला.

आता २०२०. राणा तेव्हा लॉस एंजेलिसजवळच्या टर्मिनल आयलंडच्या तुरुंगात होता. कोविडच्या काळात प्रकृतीच्या कारणावरून त्याची मुदतीआधी सुटका मंजूर झाली आणि लगेच, १० जूनला, भारताच्या विनंतीवरून त्याला तात्पुरती अटक झाली. करारात अशा तात्पुरत्या अटकेची सोय आहे: आधी माणूस ताब्यात घ्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण विनंती कागदपत्रांसह पाठवायची. आरोपी सुटून देशाबाहेर जाण्याआधी ही दोरी आवळावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती वेळेत आवळली. याचं श्रेय द्यायला हवं.

इथे एक बाब सहज नजरेआड होते. अमेरिकेत प्रत्यार्पणाची सुनावणी माणूस जिथे सापडतो तिथल्या न्यायालयात होते. राणाचा मूळ खटला शिकागोचा, पण तुरुंग कॅलिफोर्नियात, म्हणून प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात आणि तिथून नवव्या सर्किटच्या, म्हणजे त्या प्रादेशिक विभागाच्या, अपील न्यायालयात गेलं. अमेरिकेत प्रत्येक सर्किटचे स्वतःचे पायंडे असतात. सुटकेच्या वेळी तो शिकागोतल्या तुरुंगात असता तर प्रकरण सातव्या सर्किटसमोर गेलं असतं. निकाल वेगळा लागलाच असता असं मी म्हणत नाही, पण युक्तिवाद वेगळ्या जमिनीवर झाला असता.

लॉस एंजेलिसला हे प्रकरण जॅकलिन चूलजियन या मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांसमोर चाललं. त्यांचं काम राणा दोषी आहे की नाही हे ठरवण्याचं नव्हतं. आपल्याकडे अनेकांना, काही वकिलांनाही, प्रत्यार्पणाची सुनावणी म्हणजे छोटा खटला वाटतो. तसं नाही. करार अमलात आहे का, समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, मागितलेला गुन्हा दोन्ही देशांत गुन्हा आहे का, आणि प्रथमदर्शनी विश्वास ठेवण्याजोगा पुरावा आहे का, एवढंच पाहायचं असतं. पुराव्याचे नेहमीचे कडक नियम इथे लागू नसतात. आरोपीला सरकारचा पुरावा समजावून सांगणारा पुरावा देता येतो, त्याला छेद देणारा देता येत नाही. हेडली खोटारडा आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, हा राणाच्या वकिलांचा मुद्दा म्हणूनच तिथे टिकला नाही. हेडलीची विश्वासार्हता तपासायची जागा म्हणजे भारतातला खटला.

जामिनाचाही नियम उलटा आहे. आपल्याकडे जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असं शिकवतात. प्रत्यार्पणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०३ पासून उलट भूमिका घेतली आहे: काही खास परिस्थिती दाखवली तरच जामीन. राणाने जामीन मागितला, मिळाला नाही. त्यामुळे पुढची सगळी वर्षं त्याने कोठडीतून लढत काढली.

जाता जाता एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. दोन्ही देशांत गुन्ह्याचं नाव एकच असावं लागत नाही, कृत्य दोन्हीकडे शिक्षापात्र असलं की पुरे, हे अमेरिकी प्रत्यार्पण कायद्यातलं पायाभूत तत्त्व १९२२ च्या ‘कॉलिन्स विरुद्ध लोइझेल’ या निकालात ठामपणे मांडलं गेलं. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी तो लिहिला. कॉलिन्स न्यू ऑर्लिन्सला पकडला गेला होता आणि त्याच्यावर आरोप होता मुंबईत जवाहिऱ्याला खोटी बतावणी करून गंडवल्याचा. ब्रिटिश सरकारने त्याला हिंदुस्थानात पाठवण्यासाठी मागितलं होतं. आरोपीला छेद देणारा पुरावा मांडता येत नाही, हेही याच प्रकरणातून पक्कं झालं. म्हणजे राणाला ज्या नियमांनी बांधलं, त्यातले दोन शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्याच एका फसवणुकीतून आले. आज अमेरिकेतल्या बहुतेक प्रत्यार्पण निकालांत कॉलिन्सचं नाव असतं, आणि त्यातली मुंबई मात्र कोणाला आठवत नाही.

१६ मे २०२३ ला चूलजियन यांनी राणाचं प्रत्यार्पण करता येईल असं प्रमाणित केलं. या आदेशावर अपील नसतं. आरोपीसमोर एकच वाट उरते, बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबिअस कॉर्पसची. राणा त्या वाटेने गेला. जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये याचिका फेटाळली. नवव्या सर्किटच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १५ ऑगस्ट २०२४ ला तो निकाल कायम केला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या निकालात आहे.

तुम्ही विचारलेलं तत्त्व अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे, पण ते एका सार्वभौम सत्तेला दुसऱ्यांदा खटला चालवण्यापासून रोखतं. वेगळी सार्वभौम सत्ता तिचा स्वतःचा खटला चालवू शकते. २०१९ मध्ये ‘गॅम्बल’ प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे भारताला अडवण्यासाठी राणाला घटनेचा आधार नव्हता. आधार होता तो फक्त कराराच्या सहाव्या कलमाचा.

हा करार जून १९९७ मध्ये झाला आणि जुलै १९९९ मध्ये अमलात आला. त्याआधी १९३१ चा ब्रिटिशांच्या काळातला करार वापरात होता. सहाव्या कलमाचा आशय असा: ज्या गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण मागितलं आहे त्याच गुन्ह्यात, ज्या देशाकडे माणूस मागितला त्या देशात तो दोषी किंवा निर्दोष ठरला असेल, तर प्रत्यार्पण देऊ नये. राणाच्या वकिलांचं म्हणणं होतं की ‘गुन्हा’ याचा अर्थ प्रत्यक्षात केलेली कृत्यं. ताडदेवचं ऑफिस, हेडलीला दिलेली आडोशाची नोकरी, मुंबईशी असलेला संबंध, हे सगळं शिकागोच्या ज्युरीने ऐकलं आणि त्यावर निर्णय दिला. त्याच कृत्यांना भारताने दुसरं नाव दिलं म्हणून तो वेगळा गुन्हा कसा?

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. कृत्याची कसोटी लागली असती तर निदान कटाच्या आरोपांबाबत राणाचं पारडं जड झालं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. न्यायालयाने घटकांची कसोटी लावली. गुन्हा म्हणजे त्याचे कायदेशीर घटक, सिद्ध कराव्या लागणाऱ्या गोष्टी. दोन आरोपांपैकी प्रत्येकात असा एक तरी घटक असेल जो दुसऱ्यात नाही, तर ते दोन वेगळे गुन्हे. ही कसोटी अमेरिकेत १९३२ च्या ‘ब्लॉकबर्गर’ निकालापासून चालत आली आहे. भारताने मागितले होते ते गुन्हे म्हणजे देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट, खून, दहशतवादी कृत्य, बनावट दस्तऐवज. खून सिद्ध करायला माणूस मेलेला दाखवावा लागतो, साहाय्याच्या कटात ते लागत नाही. साहाय्याच्या कटात जे दाखवावं लागतं ते सगळं खुनाच्या आरोपात लागत नाही. घटक जुळले नाहीत, म्हणून सहावं कलम आड आलं नाही.

अमेरिकी सरकारने सर्वोच्च न्यायालयात आणखी एक मुद्दा मांडला होता, आणि माझ्या मते सगळ्यांत चाणाक्ष तो होता. बनावट दस्तऐवजाच्या आरोपाचा काही भाग अशा वागणुकीवर उभा होता जी शिकागोच्या खटल्यात आरोपाचा भागच नव्हती: मुंबईची शाखा उघडण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे दिलेल्या अर्जातली खोटी माहिती. म्हणजे राणाची ‘कृत्यांची’ कसोटी मान्य केली तरी निदान या आरोपावर तो वाचत नव्हता. बँकेकडे गेलेला हा अर्ज तपासात कोणी काळजीपूर्वक जपून फाइलला लावला नसता, तर ही पाचर मारता आली नसती.

आपल्याकडेही ‘गुन्हा’ आणि ‘कृत्य’ हा फरक नवा नाही. घटनेचं कलम २०(२) ‘त्याच गुन्ह्याबद्दल’ बोलतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३००, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३३७, ‘त्याच गुन्ह्यासाठी’ आणि ‘त्याच तथ्यांवर’ अशा दोन वेगळ्या शब्दप्रयोगांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. अभिनेत्री मोनिका बेदीच्या बनावट पासपोर्टच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोर्तुगालमधली शिक्षा इथल्या खटल्याच्या आड येत नाही असं ठरवलं, तेही गुन्ह्याचे घटक वेगळे आहेत म्हणूनच. तेव्हा नवव्या सर्किटने काही परका चमत्कार केला असं समजू नका.

राणा मग सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे त्याच्या वकिलांनी वेगवेगळ्या सर्किटांमध्ये या प्रश्नावर मतभेद असल्याचं सांगितलं. २१ जानेवारी २०२५ ला त्याची याचिका ऐकण्यास नकार मिळाला. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची प्रत्यार्पणाला मंजुरी’ असे मथळे दिले. ते चूक होते. विशेष अनुमती याचिका आपल्याकडे एका ओळीत फेटाळली जाते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कायदा ठरवला असं आपण म्हणत नाही. तसंच हे. ‘गुन्हा’ की ‘कृत्य’ या प्रश्नावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अजून आलेला नाही. पुढच्या एखाद्या आरोपीसाठी, दुसऱ्या सर्किटमध्ये, हा प्रश्न पुन्हा उघडू शकतो. आपल्या सरकारी वकिलांनी हे डोक्यात ठेवूनच पुढच्या विनंत्या लिहायला हव्यात.

आता हेडली. हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर नेहमी विचारला जातो आणि विचारणाऱ्यांत हल्ल्यात माणसं गमावलेलेही असतात. त्यांना उत्तर देताना आवाज स्थिर ठेवणं अजूनही जमत नाही.

हेडलीने मार्च २०१० मध्ये गुन्हा कबूल केला. मुंबई हल्ल्याचा कट आणि सहा अमेरिकींच्या खुनाला साहाय्य, हेही त्यात होतं. त्या बदल्यात झालेल्या लेखी समझोत्यात सरकारने दोन गोष्टी सोडल्या: फाशीची मागणी आणि त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या स्वाधीन करणं. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. हेडलीला वाचवलं ते कराराने नाही, या समझोत्याने. राणाने गुन्हा कबूल केला नाही, खटला लढला, म्हणून त्याला असा समझोता नव्हता. जास्त दोषी असलेला माणूस जास्त सांगू शकतो, आणि जास्त सांगणाऱ्याला जास्त सवलत मिळते. अमेरिकी व्यवस्थेतली ही बाजू मला आजही टोचते.

राणाच्या वकिलांनी याचाच उपयोग करून पाहिला. हेडलीच्या समझोत्यात सरकारने सहाव्या कलमाचा उल्लेख केला होता, म्हणजे सरकारने स्वतःच त्या कलमाचा ‘कृत्या’सारखा रुंद अर्थ लावला होता, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. एका आरोपीशी केलेला समझोता दोन देशांमधल्या कराराचा अर्थ ठरवू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण अमेरिकी सरकारने २०१० मध्ये एका आरोपीसमोर आणि २०२४ मध्ये दुसऱ्यासमोर जे मांडलं त्यात विसंगती दिसते, हेही तितकंच खरं. राणाच्या वकिलांनी तिच्यावर बोट ठेवलं यात गैर काही नव्हतं.

हेडलीचा एक उपयोग आपल्याला झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात माफीचा साक्षीदार म्हणून त्याची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवली गेली. सरकार पक्षाकडून उज्ज्वल निकम होते, आणि पुढे मार्चमध्ये उलटतपासणी झाली. परदेशातल्या तुरुंगातून भारतीय न्यायालयासमोर अशी साक्ष घेता येते, ही पद्धत त्यातून बसली. राणाच्या खटल्यात हेडलीचं म्हणणं नोंदवायची वेळ आली तर हाच मार्ग हाताशी आहे.

‘दिलं कोणी’ याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. न्यायालयाचं प्रमाणपत्र नसेल तर सरकार माणूस देऊ शकत नाही. पण प्रमाणपत्र मिळालं म्हणून द्यायलाच हवा असंही नाही. शेवटचा शब्द परराष्ट्रमंत्र्यांचा. ११ फेब्रुवारी २०२५ ला परराष्ट्र खात्याने राणाला भारताच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला, आणि दोन दिवसांनी पंतप्रधान मोदी वॉशिंग्टनमध्ये असताना अध्यक्ष ट्रम्प यांनी तो जाहीर केला. त्यामुळे ‘ट्रम्पनी दिलं’ हेही खरं आणि ‘कोर्टाने दिलं’ हेही. घोषणेची वेळ राजनैतिक सोयीची होती यात शंका नाही. मात्र त्या क्षणापर्यंत पोहोचायला साडेचार वर्षांहून अधिक काळ कोर्टात गेला होता, आणि त्यातला बहुतेक काळ वेगळ्या अध्यक्षांच्या सरकारचे वकील भारताची बाजू मांडत होते. सर्वोच्च न्यायालयात याचिकेला विरोध करणारं म्हणणंही डिसेंबर २०२४ मधलं, बायडन यांच्या कारकिर्दीतलं. सरकार बदललं, भूमिका बदलली नाही. दोन देशांच्या संबंधांत मला तरी घोषणेपेक्षा हे सातत्य मोलाचं वाटतं.

सरकारच्या या टप्प्याचं वजन कळायला त्याच करारातलं दुसरं प्रकरण आठवा: भोपाळ. युनियन कार्बाइडचे वॉरेन अँडरसन यांच्यासाठी भारताने २००३ मध्ये औपचारिक विनंती पाठवली. २००४ मध्ये अमेरिकेने ती नाकारली. कारण दिलं ते दोन्ही देशांत गुन्हा असण्याच्या आणि पुराव्याच्या कलमांची पूर्तता होत नाही, असं. ती फाइल एकाही अमेरिकी न्यायाधीशापर्यंत पोहोचली नाही. अँडरसन २०१४ मध्ये वारले. तीच दोन सरकारं, तोच करार, पण एक फाइल मंत्रालयातच संपली आणि दुसरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आली. राजकीय इच्छा हे एक कारण होतंच. पण कागदांचा दर्जा हे दुसरं कारण आपण मान्य करत नाही, आणि ते मान्य करायला हवं.

माझ्या हातून गेलेल्या एका आर्थिक फाइलचं सांगते. मूळ फिर्याद मराठीत होती. तिच्या इंग्रजी भाषांतरात ‘अपहार’ आणि ‘फसवणूक’ या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला गेला. आरोपपत्रात कलमं दोन आणि भाषांतरात गुन्हा एक. समोरच्या देशाने विचारलं की तुम्हाला नक्की कशासाठी माणूस हवा आहे. उत्तर तयार करून पाठवेपर्यंत आठ महिने गेले. भाषांतर कोणत्या कार्यालयात झालं ते सांगण्यात अर्थ नाही. अशा चुका सगळीकडे होतात, कारण हे काम कोणी कारकुनी समजून उरकतं.

छळाचा मुद्दा राणाने शेवटी काढला. मी पाकिस्तानी वंशाचा मुसलमान आहे, पार्किन्सनसह अनेक आजार आहेत, भारतात माझा छळ होईल, असं सांगून त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे तातडीची स्थगिती मागितली. न्यायमूर्ती केगन यांनी मार्चमध्ये ती नाकारली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडे पुन्हा केलेली मागणी एप्रिलमध्ये नाकारली गेली. अमेरिकेत न्यायालयं मागणाऱ्या देशाच्या तुरुंगांची चौकशी सहसा करत नाहीत, ते काम परराष्ट्रमंत्र्यांचं मानलं जातं. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवून पाहिलं होतं. आणि राणाच्या बाबतीत वॉशिंग्टनला निर्णय होत होता त्याच फेब्रुवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रास्त्र दलाल संजय भंडारी यांचं प्रत्यार्पण तिहारमधल्या परिस्थितीच्या कारणावरून थांबवलं. म्हणून एका देशातला निकाल दुसऱ्या देशात चालेल असं धरून चालू नका. आणि आपले तुरुंग सुधारणं हा प्रत्यार्पणाच्या कामाचाच भाग आहे, हे मी संबंधितांना दहा वर्षं सांगते आहे.

१० एप्रिल २०२५ ला राणा दिल्लीत उतरला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली आणि पतियाळा हाऊसच्या विशेष न्यायालयाने १८ दिवसांची कोठडी दिली. खटला दिल्लीत आहे, मुंबईत नाही, कारण हेडली आणि राणावरचा यंत्रणेचा गुन्हा नोव्हेंबर २००९ मध्ये दिल्लीत नोंदवला गेला होता. मुंबईकरांना हे खटकतं, मलाही खटकतं.

यापुढे मी ज्यावर लक्ष ठेवून आहे ते कराराचं १७ वं कलम. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस दिला त्यांच्यासाठीच खटला चालवायचा, किंवा त्याच तथ्यांवर आधारलेल्या वेगळ्या नावाच्या गुन्ह्यासाठी. बाकी कशासाठी नाही. सहाव्या कलमात नुसता ‘गुन्हा’ आणि सतराव्यात ‘त्याच तथ्यांवर’, हा फरक पाहा. हाच बंधनाचा नियम आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याच्या कलम २१ मध्येही आहे आणि अमेरिकेतूनच आणलेल्या दया सिंग लाहोरियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो बंधनकारक ठरवला.

अबू सालेमच्या बाबतीत आपण इथेच ठेचकाळलो. २००५ मध्ये पोर्तुगालने त्याला दिलं, मुंबईत त्याच्यावर जादा आरोप लावले गेले, आणि पोर्तुगालच्या न्यायालयाने अटींचा भंग झाला म्हणून प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. शिक्षेच्या मर्यादेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये निकाल द्यावा लागला: २५ वर्षांची हमी सरकारला पाळावी लागेल. राणाच्या बाबतीत फाशीचा प्रश्न वेगळा आहे. या करारात खुनाचा गुन्हा असेल तर फाशी देणार नाही अशी हमी मागण्याची तरतूद लागू होत नाही.

राणाचे वकील दिल्लीत आज ना उद्या अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा स्वाधीन करण्याचा आदेश आणि चूलजियन यांचं प्रमाणपत्र बाहेर काढतील आणि प्रत्येक आरोपासमोर बोट ठेवून विचारतील, हा त्या यादीत आहे का? तपास यंत्रणेच्या वकिलांनी ती यादी आरोप निश्चितीच्या आधीच कलमागणिक जुळवून ठेवावी. चौकशीत नवं काही निघालं, समजा आणखी एखाद्या शहराची टेहळणी, तर ते मोहात पडून याच आरोपपत्रात घालू नये. आधी अमेरिकेची संमती मागावी, करारात त्याचीही सोय आहे. आणि ताडदेवच्या ऑफिससाठी रिझर्व्ह बँकेकडे गेलेला तो अर्ज, तो ज्याने हाताळला त्या माणसाची साक्ष लवकर नोंदवून घ्यावी. घटनेला इतकी वर्षं झाली आहेत, माणसं निवृत्त होतात, आजारी पडतात, शहर सोडून जातात.